व्हॉक्स एसी१५

इलेक्ट्रिक गिटारसाठी बनवलेला, सुमारे १५ वॉट शक्तीचा ब्रिटिश व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायर. इंग्लंडच्या केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांच्या जेनिंग्ज म्युझिकल इंडस्ट्रीज या कंपनीने तो ‘व्हॉक्स’ या नावाखाली १९५८ मध्ये बाजारात आणला. त्याची मांडणी डिक डेनी यांची असून ते स्वतः गिटारवादक असल्याने मोजमापांइतकाच कानाचा कौलही तीत उतरला आहे.

गिटारच्या तारांच्या कंपनातून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत यात प्रथम ईएफ८६ या पाच अग्रांच्या नळीत (व्हॉल्व्हमध्ये), म्हणजे पेंटोडमध्ये, वाढवला जातो आणि अखेरीस ईएल८४ या दोन नळ्या आळीपाळीने ओढ-ढकल करून तो लाउडस्पीकरपर्यंत पोहोचवतात. ईएल८४ ही काही खास गिटारसाठी घडवलेली नळी नव्हे. त्या काळच्या घरगुती रेडिओंतही ती असे. बहुतेक ॲम्प्लिफायरांत निर्गमाचा थोडा अंश उलटा करून मागे देतात, त्याला ऋण पुनःप्रदाय म्हणतात, व त्यामुळे ध्वनी स्वच्छ आणि आवरलेला राहतो. अंत्य टप्प्यात हा पुनःप्रदायच नसल्यामुळे एसी१५ मध्ये तारेवरील आघात हलका असता स्वर घंटेसारखा किणकिणतो, आणि जोर वाढताच संकेताची शिखरे एकदम छाटली न जाता हळूहळू चपटी होत जाऊन स्वराला खरखरीत, उबदार धार येते. भर म्हणून विद्युत् प्रवाह एकदिश करणारी नळीही जोरदार आघाताने क्षणभर दमते, दाब खाली येतो आणि स्वर किंचित दबून मग फुलतो. अभियांत्रिकीच्या काटेकोर नजरेने हे सारे दोषच ठरतात. वादक मात्र त्यांनाच ‘ब्रिटिश टोन’ म्हणतात.

गायक क्लिफ रिचर्ड यांच्या साथीदार ‘द शॅडोज’ या वाद्यवृंदाने, विशेषतः त्यातील गिटारवादक हँक मार्विन यांच्या वादनाने, या यंत्राला नाव मिळवून दिले. पण सभागृहे मोठी आणि श्रोते अधिक कल्लोळ करणारे झाल्यावर १५ वॉट अपुरे पडू लागले, तेव्हा चार ईएल८४ घेऊन एसी३० तयार झाला. तथापि शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलच वाढते, हे ध्यानात घेतले तर दोन यंत्रांतील अंतर नावांतील आकड्यांवरून वाटते तेवढे नाही. शिवाय नळ्या पुऱ्या ताणल्याखेरीज ती धार येत नाही आणि लहान यंत्र कमी आवाजातच ताणले जाते, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एसी१५ ची मागणी टिकून राहिली.

ईएफ८६ चा एक उपद्रव मात्र खरा: स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्याच्या हादऱ्यांनी ही नळी स्वतःच खणखणू लागते. १९९२ मध्ये व्हॉक्स हे नाव जपानच्या कॉर्ग कंपनीकडे गेले, आणि त्यानंतर निघालेल्या एसी१५ च्या बहुतेक आवृत्त्यांत तिच्या जागी ईसीसी८३ ही अधिक सोशिक नळी आली.