अठ्ठेचाळीसचें जळित

मंदिराच्या महोत्सवाच्या पुस्तिकेंत घरें बांधल्याच्या गोष्टी याव्यात, जळाल्याच्या येऊं नयेत, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या सातारा-सांगलीच्या भूमींत आपण नांदतों, तेथील वडील पिढीच्या तोंडीं 'अठ्ठेचाळीसचें जळित' हे शब्द होते. ते शब्द आपल्या मुलांना परके व्हावेत, हें बरें नव्हे.

ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं सायंकाळीं दिल्लीस प्रार्थनेला निघालेल्या महात्मा गांधींचा नथुराम गोडसे यानें गोळ्या झाडून खून केला. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण, ही वार्ता पसरतांच शोकाचा संताप झाला आणि एकाचा अपराध संबंध जातीच्या माथीं बसला. एकट्या साताऱ्याकडे सुमारें ३०० गांवांतून सुमारें १००० घरें जाळलीं गेलीं, अशी सरकारी अहवालांत नोंद आहे. सांगली संस्थानांत ब्राह्मण उद्योजकांच्या कारखान्यांची मोठी हानि झाली. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला. कांहीं ठिकाणीं माणसेंहि प्राणास मुकलीं.

हा वणवा एका दिवसांत पेटला, तरी त्याचें सरपण अनेक वर्षें सांचत होतें. जमीन, कुळें व सावकारी यांची जुनी अढी होती. मानापमानाचीं शल्यें होतीं. तीं सारींच खोटीं होतीं असें म्हणणें सत्याला सोडून होईल. परंतु आगीला खतावणी वाचतां येत नाहीं. सावकाराच्या वाड्याबरोबर भिक्षुकाचें खोपट आणि शाळामास्तराचें बिऱ्हाडहि तिनें गिळलें. सागवानी तुळया, धान्याच्या कणग्या, पोथ्या, दप्तरें, सारें एकाच राखेंत मिसळलें. त्याच वेळीं जिवावर उदार होऊन शेजाऱ्याला घरांत लपविणारेहि गांवोगांव निघाले, हेंहि विसरतां कामा नये.

आपणां ख्रिस्ती जनांना ही कथा अनोळखी वाटूं नये. इ. स. ६४ च्या जुलईंत रोम शहर जळालें. चौदा विभागांपैकीं तीन जमीनदोस्त झाले, सात उद्ध्वस्त झाले, चारच वांचले. नीरो बादशहानें तो दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला, आणि निरपराध माणसांना क्रूसावर खिळिलें व मशालीप्रमाणें जाळिलें, असें टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो. आणि तो आपल्या धर्माचा मित्र नव्हता. पुढें नीरोनें रोम पुन्हां बांधविलें. रस्ते रुंद झाले, घरांच्या उंचीला मर्यादा पडली, आगीस दाद न देणारा दगड वापरण्याची सक्ति झाली. नगर सुधारलें, अन्याय मात्र तसाच राहिला.

आपल्याकडील पुनर्रचनाहि अशीच दुहेरी झाली. सरकारनें घरबांधणीसाठीं कर्जें दिलीं. ता. ८ मार्च १९४८ रोजीं सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा निर्माण होऊन १९६० त त्याचें नांव सांगली पडलें. भालजींनीं जळालेला 'मीठभाकर' बोलपट पुन्हां चित्रित करून १९४९ त लोकांपुढें आणिला. परंतु अनेक कुटुंबें राखेंतून उठलीं तीं पुण्या-मुंबईची वाट धरूनच. त्यांतच १९४८ चा कुळकायदा आला व गांवाशीं उरलेला जमिनीचा धागाहि तुटला. व्यंकटेश माडगूळकरांनीं 'वावटळ' कादंबरींत हेंच दुःख मांडलें आहे. भिंती वर्षांत उभ्या राहतात. शेजारधर्म उभा राहण्यास पिढ्या लागतात.

म्हणून बंधुभगिनींनो, या महोत्सवांत एवढेंच मागणें आहे. एका माणसाच्या पापासाठीं त्याच्या जातीला, धर्माला वा गांवाला दोष देणारें वाक्य आपल्या ओटीवर कोणी उच्चारलें, तर तें तेथेंच थांबवावें. रोमच्या आगीचा आळ ज्यांच्या पूर्वजांवर आला, त्यांना असें वाक्य मुकाट्यानें ऐकून घेण्याचा अधिकार नाहीं. प्रत्येक जळिताची पहिली ठिणगी काडीपेटींत नसते, ती जिभेवर असते. आणि ती विझविण्यास एका माणसाचें धैर्य पुरेसें होतें.