साल्हेरची टेकाडं आणि पैनगंगेतले ओरखडे

सटाण्याहून मुल्हेर-साल्हेरकडे निघालं की डोंगरांच्या पायथ्याशी मातीत धोंडे कालवलेली टेकाडं लागतात. गंगोत्री पाहून आलेला माणूस म्हणेल, हे तर हिमोढ, हिमनदीने टाकलेले ढीग!

हिमनदी कडेचे दगड अंगावर घेते, तळ खरवडते आणि वितळते तिथे सगळं टाकून देते. पाणी ओझं निवडून टाकतं, आधी गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. बर्फ निवडत नाही. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती एकाच ढिगात. पण दरड कोसळली तरी मिसळ अशीच होते. मग ओळखायचं कसं? परक्या दगडावरून. साल्हेरच्या या टेकाडांत काळा बेसाल्टच सापडतो, वरच्याच कड्यातला. लांबून वाहून आलेला एकही पाहुणा नाही. म्हणजे ही दरडीची आणि ओढ्यांची करणी.

परका दगड हवा तर चंद्रपूरच्या पश्चिमेला, इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात जावं. बर्फाच्या अशा खुणा वाचायला शिकवणारं, आल्प्समधल्या हिमनद्यांवरचं अगासी या अभ्यासकाचं पुस्तक 1840 चं. 1856 मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी ओडिशातल्या तालचेरच्या गोट्यांच्या थराचं नातं बर्फाशी जोडलं. उष्ण कटिबंधात बर्फ? शंका साहजिक होती. इरईला फेडन या भूवैज्ञानिकाला निव्वळ गोटे नव्हे, तर त्यांच्याखालची चुनखडकाची फरशीच सापडली. गुळगुळीत झालेली, लांब समांतर ओरखड्यांची. त्याचा लेख 1875 चा.

त्याने मात्र या ओरखड्यांचं श्रेय पाण्यातल्या बर्फाला दिलं. मला ते पटत नाही. तरंगता बर्फ दगड टाकेल, कुठे तळाला घासेलही, पण त्याचे ओरखडे वाऱ्या-प्रवाहाबरोबर दिशा बदलतील. एकाच रोखाच्या इतक्या रेघांना वरून दाबत सरकणारी जाड हिमचादरच हवी. भारत तेव्हा, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन या महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाजवळ. साल्हेरचा बेसाल्ट ओतला गेला जेमतेम साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्या बर्फाने तो पाहिलाच नाही. अलीकडच्या हिमयुगातही 1567 मीटरच्या साल्हेरवर हिमनदी जमणं शक्य नव्हतं.

इरईला हिमोढाची टेकडी का दिसत नाही, हा आक्षेप उरतो. वितळपाण्याने ती पसरवली असावी, असं माझं मत. आकार गेला, ग्रॅनाइट, क्वार्टझाइट, चुनखडक यांचे रेघाळलेले गोटे बारीक गाळात तसेच रुतून राहिले.