पहिली शॉटगन निवडताना

ट्रॅप आणि स्कीट या नेमबाजी प्रकारांत हवेत उडणाऱ्या तबकड्या शॉटगनने टिपल्या जातात. नवोदित नेमबाजासाठी पहिली बंदूक घेताना पालक किंमत आणि वजन पाहतात. मात्र ती त्याच्या अंगाला बसणे अधिक महत्त्वाचे असते. दस्ता फार लांब असल्यास तो खांद्यावर नीट टेकत नाही.

हलकी बंदूक मुलांना सोयीची, हा समजही अपुरा आहे. काडतूस तेच असेल तर हलक्या बंदुकीचा धक्का जास्त बसतो. त्याची धास्ती बसली की चाप ओढताना दचकण्याची सवय लागते.

बोअरचा आकडा मोठा, तितकी नळी अरुंद. १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, तर २० बोअरची १५.६ मिलिमीटर असते. ऑलिंपिक प्रकारांत १२ बोअर रूढ असून काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. सरावाला याहून हलकी काडतुसे वापरता येतात.

भारतात २१ वर्षांखालील व्यक्तीस सर्वसाधारणपणे शस्त्र परवाना मिळत नाही. प्रशिक्षणासाठी नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यामुळे आधी क्लबच्या बंदुकीवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करून माप निश्चित करावे. नंतर दस्ता कमीजास्त करता येणारी, जाणकाराने तपासलेली वापरलेली बंदूक घेतल्यास खर्च वाचतो आणि मूल वाढले तरी ती उपयोगी पडते.