निवडणूक आणि ‘परका’ माणूस



मत मागायला दारात आलेल्या माणसाला आपण दोन प्रश्न विचारू शकतो. ‘तू काय करणार?’ हा एक, आणि ‘तू कुठला, कोणाचा?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर द्यायला अभ्यास लागतो. दुसऱ्याचे उत्तर नुसत्या आडनावावरून मिळते. म्हणूनच प्रचार करणाऱ्यांना दुसरा प्रश्न फार सोयीचा वाटतो.

हा रोग आपल्याच देशात आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेत १८५६ साली फिलमोर या माजी अध्यक्षाला पुढे करून एक पक्ष निवडणुकीत उतरला. आयर्लंड आणि जर्मनीतून आलेल्या कॅथलिक लोकांना विरोध हेच त्याचे भांडवल. पुढे १८७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बेकारी वाढली, तेव्हा कामगारांच्या सभांतून ‘चिन्यांना घालवा’ अशी घोषणा गाजू लागली. मजुरी पाडत होते बडे मालक, पण राग निघाला बरोबरीने घाम गाळणाऱ्या चिनी मजुरावर. १८८२ साली चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला. तो जायला १९४३ साल उजाडावे लागले. आग लावायला एक सभा पुरते, विझवायला साठ वर्षे लागतात, ती अशी!

आता आपल्या घरात डोकावू. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यासाठी माणसांनी रक्त सांडले होते. पण राज्य आले तरी मुंबईतल्या मराठी तरुणाला कचेरीतली नोकरी मिळेना. इंग्रजी आणि टंकलेखन शिकून आलेले दाक्षिणात्य तरुण तिथे आधीच बसलेले दिसत. ही तक्रार खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा घुमू लागली. नोकऱ्या वाढवा, मराठी मुलांना शिक्षण द्या, या मागणीचे रूपांतर शेजारच्या माणसाच्या धोतरा-लुंगीच्या थट्टेत झाले.

त्यानंतर काही महिन्यांतच १९६७ ची लोकसभा निवडणूक आली. व्ही. के. कृष्ण मेनन हे मूळचे केरळचे. १९५७ आणि १९६२ साली मुंबईनेच त्यांना निवडून दिले होते. या वेळी काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारले, तेव्हा ते अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसतर्फे स. गो. बर्वे. शिवसेनेने मेनन यांच्याविरुद्ध ‘परका’ म्हणून जोराचा प्रचार केला आणि ते पडले. पुढे थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांचा पराभव केला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे घाई करू नये. १९६२ च्या चीन युद्धातील नामुष्कीचा ठपका मेनन यांच्यावर होता, त्यांची डावी मतेही अनेकांना खटकत. बर्वे यांची योग्यताही मोठी, पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी त्यांनी बसवली होती. तेव्हा मेनन केवळ केरळीय म्हणून पडले असे म्हणता येणार नाही. पण चीन युद्धाचा जाब विचारणे वेगळे आणि जन्मगावाचा जाब विचारणे वेगळे. त्याच मेनन यांना १९६९ साली बंगालमधल्या मिदनापूरने निवडून दिले, हेही ध्यानात ठेवावे.

आता सोलापूर पाहा. त्याच १९६७ साली इथून सूरजरतन दमाणी हे मारवाडी गृहस्थ लोकसभेवर गेले. १९७१ आणि १९७७ सालीही तेच. त्यांच्या आधी १९६२ साली मडेप्पा काडादी, घरची भाषा कन्नड. पुढे १९८० आणि १९८४ साली गंगाधर कुचन, आणि १९८९ व १९९१ साली धर्मण्णा सादूल, दोघेही तेलुगुभाषक. म्हणजे ज्या काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद पेटलेला होता, त्या काळात सीमेवरच्या या शहराने उमेदवाराची मातृभाषा आड येऊ दिली नाही.

यात सगळा मोठेपणाच होता असे नाही. कुठल्या समाजाची मते किती, हा हिशेब पक्ष इथेही मांडतच आले. पण माणसाला जवळ घेण्यासाठी केलेली मोजणी आणि हुसकून लावण्यासाठी केलेली मोजणी यांत फरक आहे. तेलंगणातून आलेल्या विणकराच्या मागावर सोलापूरची चादर निघाली. तो उठून गेला तर माग कोण चालवणार, हे गिरणगावातल्या मराठी माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

कायदाही याबाबत गप्प नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ अधिक व्यापक केला. उमेदवाराचीच नव्हे, तर मतदाराची जात-भाषा पुढे करूनही मत मागता येणार नाही. तरीही २००८ साली महाराष्ट्रात उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना आणि फेरीवाल्यांना मार खावा लागलाच. नाव बदलले, लुंगी गेली, पण युक्ती तीच राहिली. कायदा निवडणूक रद्द करू शकतो, मन बदलू शकत नाही. ते काम शाळेचे आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना एकदा सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्या आणि नावे मोठ्याने वाचायला सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना एकाच दिवशी फाशी दिली गेली. मग मुलांना विचारा, यांतला परका कोण? मुले काय उत्तर देतात ते शांतपणे ऐकून घ्या. अठराव्या वर्षी हीच मुले मत द्यायला जाणार आहेत.