तुळशीची कुंडी आणि झाडू : पॅट्रिक गेडिस यांची इंदुरातील दिवाळी

'सुशोभीकरण' हा शब्द आपल्या नगरपालिकांच्या व्यवहारात आता चांगलाच रुळला आहे. चौकातले कारंजे, रस्तादुभाजकावरची शोभेची झाडे, रंगवलेल्या कुंड्या आणि शेजारी उद्घाटनाची कोनशिला, एवढा सरंजाम ह्या एका शब्दात सामावतो. शब्दाच्या घडणीकडे पाहिले तर त्यात गाव ही केवळ शोभा आणण्याची वस्तू आहे. कुणीतरी शोभा करणार आणि गावकऱ्यांनी ती पाहायची. गावातल्या माणसांनी आपले गाव स्वतः फुलवणे ही याहून अगदी निराळी क्रिया आहे. हा फरक नेमका कुठे आहे, हे समजून घेण्यासाठी आम्हांला होळकरांच्या इंदुरात घडलेला एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो.

त्या प्रसंगाचे सूत्रधार पॅट्रिक गेडिस (१८५४-१९३२) हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. स्कॉटलंडमधील डंडी येथे १८८८ पासून ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तत्पूर्वीच, १८८६-८७ च्या सुमारास, त्यांनी पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट ह्या गलिच्छ, दाट वस्तीत बिऱ्हाड थाटले. सुधारणेचा उपदेश न करता त्यांनी भिंतींना चुना काढला, अंगण झाडले, खिडक्यांत फुलझाडे लावली, आणि शेजाऱ्यांना हाताशी घेतले. पुढे जुन्या शहरातील पडीक जागांची मोजणी झाली. १९११ पर्यंत अशा ७६ जागा, एकूण सुमारे दहा एकर, नोंदल्या गेल्या. त्यांपैकी काहींच्या बागा झाल्या. त्यांच्या आखणीत गेडिस यांची कन्या नोरा हिचा मोठा वाटा होता. शहर हा सजीव आहे, त्याला ओळखल्याशिवाय त्याच्यावर शस्त्र चालवू नये, ही गेडिस यांची नगररचनेची भूमिका अशा हातांनी केलेल्या कामातून तयार झाली.

१९१४ च्या अखेरीस गेडिस हिंदुस्थानात आले. १९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी दारुण ठरले. मुलगा महायुद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांतच ॲना यांचे लखनौ येथे निधन झाले. ह्याच काळात इंदूर दरबाराने त्यांच्याकडे नगराच्या पाहणीचे काम सोपवले होते. शहरात प्लेगची दहशत होती. नकाशा हाती घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या ह्या म्हाताऱ्या साहेबाकडे लोक भीतीने पाहत, हाच प्लेग घेऊन येतो असे समजत.

ही भीती निराधार नव्हती. मराठी वाचकाला तिची पार्श्वभूमी वेगळी सांगायला नको. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या कारकिर्दीत प्लेगनिवारणासाठी गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरे आणि माजघरे तपासली गेली, आणि त्याची परिणती २२ जूनच्या रात्री झाली. स्वच्छता म्हणजे सरकारची धाड, हा धडा लोक शिकले होते. गेडिस यांच्यापुढचा खरा प्रश्न म्हणूनच आरोग्याइतकाच विश्वासाचाही होता.

त्यांनी उत्तर शोधले ते दिवाळीत. दिवाळीपूर्वी घर झाडण्या-सारवण्याची रीत लोकांची स्वतःचीच होती. तिला त्यांनी सार्वजनिक रूप दिले. दरबाराकडून एका दिवसापुरता 'महाराजा' होण्याची मुभा त्यांनी मागून घेतली आणि जाहीर केले, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या वस्तीने आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले राखले असतील, तिच्यातून ती जाईल. घरांतला केरकचरा मोफत उचलण्याची सोय झाली. वस्त्यावस्त्यांत चढाओढ लागली.

मिरवणुकीत हत्ती-घोड्यांच्या लवाजम्यामागून घाणीचा राक्षस आला, प्लेगचा प्रचंड उंदीर आला, हिवतापाचे डास आले. त्यांच्यामागून शहराचे झाडूवाले निघाले, नवी पांढरी वस्त्रे ल्यालेले, फुलांनी शृंगारलेले. मग लक्ष्मीच्या थाटात नगरदेवता इंदूर. अखेरीस फळाफुलांच्या गाड्या आणि घरोघर लावण्यासाठी वाटलेल्या तुळशीच्या कुंड्या. रात्री राक्षसाचे दहन झाले.

ह्या मिरवणुकीचा क्रम हाच तिचा अर्थ आहे, असे आम्हांला वाटते. आधी घाण, मग ती उचलणारा माणूस, मग नगर, आणि सर्वांत शेवटी रोप. आपल्या रूढ सुशोभीकरणात शेवटची पायरी तेवढी उरते. तुळशीची निवडही विचारपूर्वक होती. वृंदावनाभोवतीचे सारवलेले अंगण ही बाग आणि स्वच्छता यांची एतद्देशीय जोड आहे, हे गेडिस यांच्यातील वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखले होते. १९१८ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या द्विखंडी इंदूर अहवालातही हेच सूत्र दिसते: शहराचा मैला नदीत सोडण्यापेक्षा तो मातीकडे, बागांकडे परत जावा. पुढे ह्याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची पद्धत सिद्ध केली. ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. तिची मांडणी करणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासह यशवंत वाड यांचेही नाव आहे.

तरीही ही कथा निव्वळ गौरवाने वाचता येत नाही. ती आपल्यापर्यंत पोहोचली आहे ती प्रामुख्याने गेडिस यांच्याच वर्णनातून. म्हणजे निवेदक आणि नायक एकच. ज्यांच्या गळ्यात त्या दिवशी हार पडले, त्यांचे निवेदन तीत नाही. जातीने लादलेले काम फुलांनी शृंगारले म्हणजे ते लादलेले राहत नाही असे नव्हे. एक दिवसाच्या महाराजाने दिलेला मानही एक दिवसाचाच असू शकतो. १९९३ मध्ये हाताने मैला उचलण्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा आणावा लागला, ही वस्तुस्थिती त्या मिरवणुकीच्या शेजारी ठेवूनच पाहिली पाहिजे.

२०१७ पासून देशव्यापी स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचे नाव वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले. त्याचे श्रेय शंभर वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीला देणे हा भाबडेपणा होईल. पण त्या दिवाळीने एक कसोटी मात्र घालून दिली, आणि ती कोणत्याही लहान गावाला लावता येते. गावात किती कुंड्या आल्या, हे मोजणे सोपे आहे. त्या कुंड्यांना पाणी कोण घालतो, त्यांतली माती कुठून आली, आणि ज्याने आधी तिथला कचरा उचलला त्याचे नाव गावाला ठाऊक आहे काय, हे प्रश्न कोनशिलेवर मावत नाहीत. गाव फुलले की नुसते सजवले गेले, हे मात्र त्यांच्याच उत्तरांवरून ठरते.