शून्याचा भागाकार

“शून्यानें भागावयाचें नसतें,” एवढें सांगून शिक्षक पुढील उदाहरणाकडे वळतात, आणि विद्यार्थीहि अधिक पृच्छा करीत नाहींत. परंतु जो भागाकार करतां येत नाहीं त्याचें उत्तर म्हणून काय लिहावें, ह्या प्रश्नानें आमच्या गणितज्ञांस कित्येक शतकें गुंतवून ठेविलें होतें. आणि संगणकाच्या युगांत तोच प्रश्न नव्या वेषानें पुन्हां उभा राहिला.

इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्तां’त शून्यास शून्यानें भागिल्यास शून्यच येतें असें सांगितलें. नवव्या शतकांत महावीराचार्यानें संख्येस शून्यानें भागिलें तरी ती अविकृत राहते असें मानिलें. हीं दोन्ही उत्तरें पुढें टिकलीं नाहींत. बाराव्या शतकांत भास्कराचार्यानें शून्यानें भागिलेल्या राशीस ‘खहर’ म्हटलें, तिला अनंत मानिलें, आणि तींत कांहीं मिळविलें किंवा वजा केलें तरी ती बदलत नाहीं असें प्रतिपादिलें.

संगणक आले तेव्हां निरनिराळ्या कारखानदारांचीं यंत्रें अशा प्रसंगीं निरनिराळीं वागत. हा गोंधळ मिटविण्यासाठीं १९८५ सालीं आयईईई संस्थेनें ७५४ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. विल्यम काहान हे त्याचे प्रमुख शिल्पकार. त्यानुसार फ्लोटिंग-पॉइंट गणितांत एकास शून्यानें भागिल्यास ‘अनंत’ येतें, व त्यांत पांच मिळविले तरी तें अनंतच राहतें. येथें भास्कराचार्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. शून्यास शून्यानें भागिल्यास मात्र ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असें चिन्ह मिळतें. त्याच्याशीं बेरीज वा गुणाकार करूं गेल्यास उत्तरहि ‘नॅन’च, इतकेंच नव्हे, तर तें स्वतःशींहि समान ठरत नाहीं.

ज्या राशीचें मूल्यच दिलेलें नाहीं तिच्याविषयीं मात्र संगणक-भाषांत एकमत नाहीं. अशा राशींत एक मिळवावयास सांगितलें असतां जावास्क्रिप्ट ‘नॅन’ देते. पायथन ती बेरीज करण्यासच नकार देते. एस्क्यूएल उत्तरहि अज्ञातच ठेविते. पीएचपी मात्र रिकाम्या मूल्यास शून्य समजून ‘एक’ असें बिनदिक्कत सांगते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. तीन विद्यार्थ्यांपैकीं दोघांस ६० व ८० गुण मिळाले आणि तिसरा गैरहजर राहिला, तर परीक्षेस बसलेल्यांची सरासरी ७० होते. गैरहजेरीस शून्य धरिलें कीं ती ४७ च्याहि खालीं येते, आणि कागदावर चूक कोठेंच दिसत नाहीं. उलट, अडचण येतांच यंत्रानें अंग टाकणेंहि घातकच. १९९७ च्या सप्टेंबरांत ‘यॉर्कटाउन’ ह्या अमेरिकन युद्धनौकेवर एका रकान्यांत शून्य भरलें गेलें, त्यानें भागाकार झाला, संगणकांचें जाळें कोसळलें, आणि ती नौका कांहीं तास समुद्रांत निश्चल पडून राहिली.

ह्या दोन टोकांमध्यें ‘नॅन’चा मार्ग आहे: काम थांबवूं नये, पण अज्ञानहि झांकूं नये, तें शेवटच्या उत्तरापर्यंत उघड दिसूं द्यावें. अर्थात् तेथें तें पाहणारा जागा पाहिजे. ती जबाबदारी यंत्राची नव्हे, आपली आहे.