तलावाच्या भरावात कुणाची पाटी?

आम्ही तिघी समाजकार्याचं शिक्षण घेत असताना एका छोट्या संस्थेत काम शिकायला होतो. शाळेतल्या मुलांना आपल्याच गावाचा इतिहास गोळा करायला शिकवायचं, हे त्या संस्थेचं काम. आमच्या वाट्याला माण तालुक्यातलं एक गाव आलं. विषय होता बहात्तरचा दुष्काळ. गावाशेजारचा पाझर तलाव त्याच दुष्काळी कामावर झालेला. तो कुणी बांधला, त्यांची नावं शाळेच्या भिंतीवर लिहायची ठरली होती.

पहिली चूक आमचीच झाली. आम्ही देवळाच्या पारावर गेलो, तिथे बसलेल्यांना विचारलं आणि चाळीस नावं उतरवून आणली. मोठं काम झालं, असं वाटलं. संध्याकाळी बचत गटाच्या बैठकीत ती यादी वाचून दाखवली. सगळ्या गप्प. मग मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पोरींनो, एवढ्या गड्यांनी माती खांदली खरी, पण ती भरावावर नेऊन टाकली कुणी?"

आम्ही यादी पुन्हा पाहिली. चाळीसात एकही बाई नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघरी बसलो. आधी सगळ्याजणी म्हणायच्या, "आम्ही अडाणी, आम्हाला कसला इतिहास?" मग आम्ही इतिहास हा शब्दच सोडला. कामावर किती वाजता निघायचात? तान्हं मूल कुठे ठेवायचात? पगार कुणाच्या हातात पडायचा? असं विचारलं, आणि बोलणं थांबेना. झाडाला बांधलेल्या झोळ्या, खडी फोडून सोललेले हात, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. एकीचं बाळंतपण होऊन महिनाही झाला नव्हता, तरी ती पाटी उचलत होती. दुसरीचा पगार सासरा घ्यायचा. ती म्हणाली, "हजेरी माझी, अंगठा त्यांचा."

ही एका गावाची गोष्ट नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात बायकांची संख्या मोठी होती. रस्ते, बंधारे, नालाबांध, पाझर तलाव ही कामं त्यांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी उभी राहिली.

त्याच्याही आधी, १९६९ साली, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला गावातच काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातून रोजगार हमी योजना आली. दुष्काळानंतर १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला काम देणं ही सरकारची जबाबदारी ठरली. पुढे २००५ मध्ये देशाने असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. म्हणजे ज्या बायका स्वतःला अडाणी म्हणत होत्या, त्यांच्या घामातून देशाचा एक कायदा घडला.

शेवटी भिंतीवर नव्याने यादी लिहिली. त्यात सत्तावीस बायकांची नावं आली. "अमक्याची बायको" असं नाही, तर प्रत्येकीचं स्वतःचं नाव. त्या आजींना नातीने हात धरून आणलं. वाचता येत नव्हतं, म्हणून नातीने त्यांचं बोट त्यांच्या नावावर ठेवलं. आजी बराच वेळ बोट काढेनात. मग एवढंच म्हणाल्या, "आता तलावातला गाळ काढायला सांगा की कुणीतरी." पुढच्या ग्रामसभेत गटाच्या बायकांनी तो विषय मांडला. आम्ही फक्त मागे बसलो होतो.

आम्ही गावाला शिकवायला गेलो होतो. नावं लिहिताना आधी कुणाला विचारायचं, हे गावानेच आम्हाला शिकवलं.

मैत्रिणींनो, बहात्तर साल पाहिलेल्या बायका आता थोड्याच उरल्यात. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत अशा एखाद्या आजींना बोलवा. त्यांचं नाव, माहेर, कोणत्या कामावर होत्या, हे गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. हजेरीपटावर अंगठा कुणाचाही असो, आपल्या वहीत नाव तिचंच असू द्या.